लाल लोकरीची रेघ

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा वडिलांनी मध्यस्थ काकांना विचारलं, "मुलगा करतो काय?"

काका चहाचा घोट घेत म्हणाले, "सरकारी नोकरी आहे. डुकरं मोजतो."

वडील म्हणाले, "किती आहेत?"

"ते काम अजून चालूच आहे," काका म्हणाले.

आतल्या खोलीत आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसत होतो. आत्या म्हणाली, "बाहेर सांगताना नुसतं वनखातं म्हणा हो. डुकरांचं नाव काढू नका." पण नाव काढायचं राहिलं नाही. लग्न झालं आणि आठवड्याभरात मला कळलं की सगळा डोंगर ह्यांना डुकरमास्तर म्हणतो. ह्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही. बाजारात कुणी लांबून "ओ मास्तर, किती झाली?" असं ओरडलं की हे खरोखर आकडा सांगायचे.

मला बघायला आले तेव्हा ह्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "तुम्हाला थंडी सोसते का?" मी म्हटलं, "मला स्वेटर विणता येतो." ह्यांना ते उत्तर फार आवडलं. पुढे कितीतरी वर्षं सांगत, हिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, उपाय सांगितला.

आमचं क्वार्टर डोंगराच्या मध्यावर होतं. दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लागून ऑफिस. खाली नदी, नदीकाठी जुनी मोठी झाडं. वर पठार. पठारावर ह्यांचा धाकटा भाऊ, माझी जाऊ आणि त्यांचं बटाट्याच्या बियाण्याचं शेत. वरच्या गार हवेत बटाट्यावर रोग धरत नाही, म्हणून तिथलं बियाणं चांगलं. त्यातही एक वाण माझ्या सासूबाईंनी राखलेला. लाल सालीचा, खोल डोळ्यांचा, हाताच्या मुठीएवढा. तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. सासूबाई जाताना धाकट्याला म्हणाल्या होत्या, "माझं एवढंच आहे रे, जपून ठेव." थोरल्याला नोकरी होती, धाकट्याला बटाटा मिळाला, असं आम्ही हसून म्हणायचो.

डुकरं खालची. मूळची रानातली नव्हेतच ती. ह्यांच्या वडिलांच्या काळात नदीकाठी एक मोठा डुकरांचा गोठा होता. तो बंद पडला, मालक दारं उघडी टाकून निघून गेला आणि पाळलेली डुकरं रानात शिरली. दोन-चार पिढ्यांत त्यांना राठ केस आले, सुळे आले. लोकांची शेतं उकरायला लागली, तेव्हा खात्यानं माणूस नेमला. तो माणूस म्हणजे हे.

काम म्हणजे चालणं. ठरलेल्या वाटेनं महिन्यातून चार वेळा जायचं. चिखलात कुठे लोळलीत, कुठल्या खोडाला अंग घासलंय, किती जागा उकरली आहे, ते बघायचं. पानगळीच्या दिवसांत झाडांखाली लाकडी चौकट टाकून त्यात पडलेल्या बिया मोजायच्या. संध्याकाळी बूट दाराबाहेर काढायचे, कारण त्यांचा वास घरात घेण्यासारखा नसे. मग जेवताना मला सगळं सांगायचे. मी चपाती लाटता लाटता ऐकायची. त्यातून मला डुकरांचं जेवढं कळलं, तेवढं माहेरच्या माणसांचं कळलं नसेल.

"डुक्कर काय वाटेल तिथे जाईल असं लोकांना वाटतं," हे म्हणत. "तसं नाही. त्याला घाम येत नाही बघ. उन्हाळ्यात लोळायला चिखल नसला तर ते उन्हानं मरतं. म्हणून पाणी सोडून लांब जात नाही. झाडांच्या बिया भरपूर पडल्या तर मादीला आठ-आठ पिलं होतात, नाही पडल्या तर चार, आणि तीही धड जगत नाहीत. आणि पिलू जन्मलं की त्याच्या अंगावर ना केस ना चरबी. पहिल्या आठवड्यात पाणी गोठवणारी थंडी पडली की संपलं."

"बिचारी," मी म्हणायची.

"बिचारी काय! जगली तर धाकट्याचं शेत खातील."

"देवानंही एकदा तेच रूप घेतलं होतं. बिचारी म्हटलं म्हणून काही बिघडत नाही."

हे हसायचे. पण त्यानंतर कधी माझ्यासमोर डुकराला शिवी दिली नाही.

ऑफिसच्या भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा होता. डुकरं कुठपर्यंत आहेत ते दाखवायला हे त्यावर टाचण्या टोचून दोरा ओढत. पहिल्या वर्षी दोरा मिळेना, तेव्हा मी ह्यांच्यासाठी विणलेल्या पहिल्या स्वेटरची उरलेली लाल लोकर दिली. तीच पुढे राहिली. दरवर्षी पानगळ झाली की बिया, पाणी आणि थंडीचे आकडे बघून हे ती लोकर बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवायचे. लोक येऊन बघून जात. लोकरीच्या खालच्यांनी कुंपण घालायचं, वरच्यांनी नाही. कुंपण म्हणजे खेळ नव्हता. डुक्कर खालून उकरतं, त्यामुळे जाळी गुडघाभर खोल पुरावी लागते, आणि पठारावर तर वीतभर मातीखाली खडक.

भाऊजी, म्हणजे माझे दीर, दरवर्षी त्या दिवसांत खाली यायचे. नकाशासमोर उभे राहायचे, लोकरीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "दादा, यंदा कुंपण घालू का?"

"नको रे. थंडी आहे तुझ्याकडे."

मग चहा. दरवर्षी तेच वाक्य, तेच उत्तर, तोच चहा. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, हे विचारायला दोन तास उतरून येता? फोन करा की."

"फोनवर लोकर दिसत नाही वहिनी," ते म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. दोघा भावांचा एकमेकांवर जीव होता आणि तो बोलून दाखवायची दोघांनाही सवय नव्हती. तेवढ्या एका प्रश्नावर त्यांचं वर्षाचं भागायचं.

पठारावर डुकरांना अडवणारं दुसरं काही नव्हतं, हे ह्यांना ठाऊक होतं. पाण्याला भाऊजींचं टाकं होतं, खायला बटाटे होते. "तिथे एकटी थंडी राखणीला आहे," हे म्हणत. म्हणून त्या थंडीवर नजर ठेवायला शेताच्या बांधावर झडपांची पांढरी पेटी उभी केली होती. पेटीत थंडी मोजायची काचेची नळी आडवी ठेवलेली. नळीत एक बारीक काळी काडी असते. गारठा वाढला की ती मागे मागे सरकते आणि सगळ्यात जास्त थंडी जिथे झाली तिथेच थांबून राहते. सकाळी जाऊन बघायचं, लिहायचं, आणि नळी कलती करून काडी पुन्हा जागेवर आणायची.

वीस वर्षं हे रोज सकाळी वर चढून गेले. मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, चढ बंद. तेव्हा जाऊबाई म्हणाली, "मी बघत जाईन की, माझ्या दारातच तर आहे पेटी." ह्यांनी तिला एकदा दाखवलं. वर वाऱ्यानं पेटी हलते आणि काडी सरकते, म्हणून ह्यांनी त्याच वेळी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी केली आणि नळी घट्ट बसवून टाकली. काम कसं चोख झालं म्हणून खूश होऊन आले.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला फोन. "ताई, उणे दोन." "ताई, आज शून्य." मी वहीत लिहायची. फोनवर आकड्यामागून घरचंही यायचं. कोंबडी बसली, लेकीचं पत्र आलं, भाऊजींनी आज पुन्हा नाक फुगवलंय. आठ हिवाळे असे गेले. एकदा ती म्हणाली, "ताई, उणे दोन दाखवतंय, पण टाक्यावर बर्फाची साय काही धरली नाही हो." मी ह्यांना सांगितलं. हे वहीकडे बघून म्हणाले, "वारा असेल. हलत्या पाण्यावर साय धरत नाही." ह्यांचा वहीवर फार विश्वास. माणूस चुकेल, वही कशाला चुकेल!

आठव्या हिवाळ्यानंतर, बटाट्याची लावणी होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा एका सकाळी साडेसहालाच फोन वाजला. मी पेन हातात घेतलं. पलीकडून आकडा आला नाही.

"ताई, शेत राहिलं नाही."

खात्याच्या जीपनं आम्ही वर गेलो. एवढ्या वर्षांत मी उकरलेली शेतं पुष्कळ पाहिली होती, पण असं नाही. एकही सरी शाबूत नव्हती. माती उलटीपालटी होऊन पडली होती. मधूनमधून अर्धवट चावलेले लाल तुकडे. कोवळे कोंब पायदळी. बियाण्याची कोठी लावणीमुळे रिकामी होती. जे होतं ते सगळं मातीत होतं, आणि मातीत काही उरलं नव्हतं.

जाऊ दाराच्या पायरीवर बसून होती. भाऊजी शेताच्या मधोमध. हे काठी टेकत टेकत बांधावरून आत गेले. टाक्याशेजारच्या चिखलात वाकून बघायला लागले. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. मोठ्या मादीच्या खुरांशेजारी छोटे छोटे खुर होते. हे मोजत होते.

"पाच, सहा... सात," ह्यांच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं. सात पिलं. म्हणजे हिवाळ्यात वरच जन्मलेली, आणि त्यातलं एकही थंडीनं गेलं नव्हतं. ते ह्यांना खरंच वाटेना, म्हणून पुन्हा मोजत होते. पण ते मला ठाऊक होतं, भाऊजींना नव्हतं.

"मोजतोयस?" भाऊजी ओरडले. "आईचा बटाटा गेला आणि तू मोजतोयस?"

"अरे, बघ ना, सात—"

"तुझ्या त्या लोकरीनं माझं वाटोळं केलं दादा. दरवर्षी विचारत आलो मी. दरवर्षी."

त्या दिवशी भाऊजी ह्यांच्याशी जे बोलले ते शेवटचं.

घरी आल्यावर ह्यांनी पहिलं विचारलं, "आपल्याकडे पाठवलेले लाल बटाटे आहेत का ग शिल्लक?"

दरवर्षी जाऊ आम्हाला पिशवीभर पाठवायची. मी आदल्याच दिवशी शेवटचे उकडले होते. मला सांगवेना. टोपली उपडी केली तर तळाशी कागदाखाली तीन निघाले, सुरकुतलेले, कोंब फुटलेले. हे ते तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. मग तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून तिन्ही लावले.

चार दिवसांनी भाऊजी बाजाराला गेलेत हे बघून हे मला घेऊन पुन्हा वर गेले. जाऊ चूल पेटवत होती. हे सरळ पेटीपाशी गेले, दार उघडलं, वरून बघितलं. मग काठी माझ्या हातात दिली आणि गुडघे वाकवून खाली व्हायला लागले. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. मी म्हटलं, "अहो, काय करताय?" माझी जाऊ ठेंगणी, माझ्याही खांद्याला लागते. हे तिच्या उंचीवर येऊन थांबले आणि तिथून नळीकडे बघत राहिले.

"जरा इथे ये. खाली वाक. काडीचं टोक कुठे दिसतं?"

"उणे एकवर."

"आता उभी राहा."

मी उभी राहिले. वरून बघितलं तर काडी पट्टीच्या मागे आणखी पुढे गेली होती. तिचं दुसरं टोक दोनवर होतं. शून्याच्या वर दोन. वाचायचं असतं ते हे, लांबचं टोक. ते खालून पत्र्याच्या पट्टीनं झाकलं जात होतं. जे दिसत होतं ते टोक ती बिचारी आठ वर्षं नेमानं वाचत आली होती. काडी तीन अंशांची. आठ हिवाळे वहीत तीन अंशांनी जास्त थंड लिहिले गेले होते. उणे दोन लिहिलं तेव्हा पाणी गोठलंच नव्हतं. टाक्यावर साय कशी धरणार?

ह्यांनी चाकूनं पट्टी काढली, खिशात टाकली. नळीही काढून घेतली. जाऊ बाहेर आली तेव्हा म्हणाले, "आता रोज बघायला नको ग. डुकरं वर आलीच, आता थंडी मोजून काय करायचं."

"माझं काही चुकलं का भाऊजी?" तिनं विचारलं. ती ह्यांनाही भाऊजीच म्हणायची.

"तुझं कशाला चुकेल," हे म्हणाले. "तू आठ वर्षांत एक सकाळ चुकवली नाहीस."

उतरताना जीपमध्ये हे मला म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही."

का ते मला विचारावं लागलं नाही. भाऊजी मनानं वाईट नाहीत, पण त्यांचा अबोला फार वाईट. त्यांची लेक लहान असताना जाऊनं सासूबाईंच्या बटाट्याचं मूठभर बियाणं शेजारणीला दिलं होतं. तिच्याकडे ते रुजलंही नाही, तरी भाऊजी बायकोशी सात महिने बोलले नव्हते. त्या घरात ती भांड्यांशी बोलायची. "वाढलंय ग बाई ताटा, ज्यांना यायचं त्यांनी या." आम्ही तेव्हा हसलो होतो. पण सात महिन्यांत ती वाळून काटकी झाली होती. मूठभर बियाण्यापायी सात महिने. इथे तर सगळा वाणच गेला होता.

आणि अबोला आमच्या वाट्याला आला. पानगळ आली, लोकर सरकवायचा दिवस आला. हे नकाशासमोर खुर्ची टाकून दिवसभर बसले. भाऊजी आले नाहीत. संध्याकाळी ह्यांनी लोकर पठाराच्या पार वर नेली, नकाशाच्या कडेपर्यंत. त्यापुढे टाचणी टोचायला जागा नव्हती.

पुढल्या वर्षी हे निवृत्त झाले. आम्ही खाली बसस्टँडजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ऑफिसात नकाशे आता संगणकावर आले होते. साहेब म्हणाले, "मास्तर, ही लोकर घेऊन जा, आठवण म्हणून." ह्यांनी ती एका पुठ्ठ्यावर गुंडाळून आणली. बटाट्यांचे डबेही आणले. तिन्हींतला एक कुजला होता, दोन रुजले होते. ते दरवर्षी हे काढायचे आणि पुन्हा लावायचे, पण खालची हवा त्यांना मानवेना. पानं पिवळी पडत. बटाटे मुठीएवढ्याचे लिंबाएवढे झाले, मग सुपारीएवढे. "डुकराला वर जायला वाट मिळाली," हे एकदा म्हणाले, "पण बटाट्याला खाली येता येत नाही."

"मग वर पाठवा ना. मी देऊन येते."

"मी दिलेलं तो घेणार नाही. फेकून देईल. मग हेही जातील."

तिसऱ्या हिवाळ्यात ह्यांची छाती भरली. दवाखान्यात ठेवलं. जाऊ रोज डबा घेऊन यायची. भाऊजी तिला सोबत करायचे आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. तासभर. आत यायचे नाहीत.

"आला का?" हे विचारायचे.

"बाहेर बसलेत."

"गार आहे बाहेर. शाल दे त्याला."

मी शाल नेऊन दिली. भाऊजींनी माझ्याकडे न बघता घेतली. जाताना घडी घालून बाकावर ठेवली.

त्या दिवशी मला राहवलं नाही. जाऊ गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी सांगा त्यांना. तुम्ही खोटं काही केलं नाही. आकडेच चुकीचे आले, त्याला तुम्ही काय करणार?"

"पट्टी कुणी लावली होती?"

"तुम्ही. पण वाचलं तिनं."

ह्यांना बोलताना धाप लागत होती. थांबून थांबून म्हणाले, "हे बघ. त्याच्याजवळ एक अबोला होता. तो कुणाला तरी द्यायचाच होता त्याला. मी घेतला. मला तू आहेस बोलायला. तिला त्या पठारावर कोण आहे?"

रोज देवापुढे दिवा लावताना मी एकच मागत होते, की त्या माणसाला बाकावरून उठून चार पावलं आत यायची बुद्धी दे. तेवढं मागणं पुरं झालं नाही. देवाकडे कारण असेल. मी विचारलं नाही.

हे गेले तेव्हा भाऊजी आले. सगळं केलं. खांदा दिला, लाकडं बघितली, पाहुण्यांच्या चहापाण्याचं बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आता सवयच झाली असेल.

पानगळीच्या दिवसांत एका दुपारी जाऊ एकटी माझ्या दारात उभी राहिली. पठारावरून पायी आली होती. चप्पल तुटलेली.

"ताई, पेटीत आपोआप लिहिणारं नवं यंत्र बसवायला एक बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "मी सांगत होते, पूर्वी मीच बघायचे म्हणून. त्यांच्याकडे तसली जुनी नळी होती. मी म्हटलं, हे बघा, ह्या टोकाला वाचायचं. त्या म्हणाल्या, नाही हो, त्या टोकाला."

मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही.

"ताई, मी उलटं टोक वाचत होते ना? आठ वर्षं?"

मी ह्यांना शब्द दिला होता. पण खोटं बोलायची मला सवय नाही आणि ह्या वयात लावून घ्यायची नव्हती. मी देवाच्या फळीवरची डबी काढली. ह्यांच्या खिशात सापडलेली पत्र्याची पट्टी मी त्यात ठेवली होती. ती तिच्या हातावर ठेवली.

"खरं टोक ह्या पट्टीनं झाकलं होतं," मी म्हटलं. "तुझ्या उंचीला दिसायचंच नाही. पट्टी ह्यांनी लावली होती. त्यांना कळलं होतं."

"कधी?"

"शेत गेलं त्याच आठवड्यात."

ती पट्टीकडे बघत राहिली. एका बाजूला बिस्किटाच्या डब्यावरचं फूल अजून दिसत होतं. "म्हणजे भाऊजींनी चार वर्षं..." एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. संध्याकाळच्या गाडीनं निघताना म्हणाली, "मी ह्यांना सांगणार आहे ताई. मग नाही बोलले तर नाही बोलले. भांड्यांशी बोलायची मला सवय आहे."

त्या दिवशी मी देवापुढे जास्त वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी आले. दारात उभे. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना ओली माती लागलेली.

"वहिनी," ते म्हणाले. चार वर्षांत माझ्याशीही तो पहिला शब्द होता. "त्या बाईंकडून जुनी नळी मागून घेतली. पेटीत ठेवली, पट्टी लावली आणि गुडघ्यांवर बसून बघितलं. तिथून तेच टोक दिसतं. दुसरं दिसतच नाही."

मी म्हटलं, "बसा." ते ह्यांच्या खुर्चीवर बसले, मग ती कुणाची ते लक्षात येऊन उठले आणि स्टुलावर बसले.

"दादानं मला सांगितलं असतं तर..." ते म्हणाले.

मी थांबले. एवढी वर्षं मला त्यांचं ते वाक्य पुरं ऐकायचं होतं.

त्यांना वेळ लागला. "तर मी हिच्याशी बोललो नसतो," ते म्हणाले. "खरंय ते. दादा बरोबर होता. जन्मभर बोललो नसतो."

मी चहा ठेवला. मग त्यांची नजर खिडकीतल्या डब्यांवर गेली. "हे काय?"

"तुमच्या आईचा बटाटा."

ते उठले. माती बोटांनी हलक्या हातानं बाजूला केली, झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी. दोन्ही डब्यांत मिळून पाच निघाले, सुपारीपेक्षा लहान. साल मात्र तशीच लाल. त्यांनी ते रुमालात ठेवले आणि रुमाल दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"वर नेऊन लावा," मी म्हटलं. "येतील न येतील, सांगता येत नाही. वरही आता पूर्वीची थंडी नाही."

समोरच्या भिंतीवर ह्यांचा फोटो आहे. त्याला मी हार घालत नाही, ह्यांना आवडला नसता. ती लाल लोकर पुठ्ठ्यासकट खालच्या खिळ्याला अडकवली आहे. भाऊजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. नकाशावर ठेवायचे तसं एक बोट लोकरीवर ठेवलं.

"दादा," ते म्हणाले, "यंदा कुंपण घालू का?"

चहा उतू गेला, मला कळलं नाही. ते तसेच उभे होते, बोट काढत नव्हते. उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं.

"घाला, भाऊजी," मी म्हटलं.